शीव आणि सरहद्द : परंडा-नळदुर्ग प्रदेशाच्या निमित्ताने

आपल्या पाठ्यग्रंथांतील मध्ययुगीन दख्खनच्या नकाशांत निजामशाही व आदिलशाही यांच्यामध्ये एक ठळक रेघ असते. धाराशिव जिल्ह्यात ती परंडा आणि नळदुर्ग यांच्यामधून कोठेतरी नेलेली दिसते. अशी रेघ त्या काळी होती, हे गृहीतच प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

गावाच्या हद्दीस मराठीत ‘शीव’ हा शब्द आहे. तो संस्कृत ‘सीमा’पासून प्राकृतद्वारा उतरला. राज्याच्या कडेसाठी रूढ झालेला ‘सरहद्द’ मात्र फारसीतून आला. (‘सीमाप्रश्ना’तील ‘सीमा’ हे त्याच जुन्या शब्दाचे पुन्हा उचललेले तत्सम रूप.) स्लाव राज्यांच्या शेजारीही असेच घडले. जर्मनांनी ‘ग्रेंझे’ हा शब्द स्लाव ‘ग्रानित्सा’वरून घेतला, त्यांच्या जुन्या ‘मार्क’ या शब्दाने रेघेपेक्षा सीमेवरील पट्टाच सूचित होई. शब्द उसना म्हणून कल्पनाही उसनी, असे म्हणणे अर्थात घाईचे होईल. परंतु तहांची साक्षही याच दिशेची आहे.

इ. स. १६३६ च्या तहाने परंडा व सोलापूर हे किल्ले भोवतालच्या मुलखासह आदिलशहाकडे राहिले. १६५७ मध्ये परंडा मोगलांस देण्याचे ठरले. प्रत्यक्षात तो त्यांच्या हाती आला १६६० मध्ये. मधल्या तीन वर्षांत सरहद्द कोठे होती? कागदावर एके ठिकाणी, किल्लेदाराच्या हुकमतीत दुसऱ्या. नकाशाकारास यांपैकी एकच दाखविता येते, आणि तो बहुधा कागदावरची दाखवितो.

याहून गंभीर दोष शिलालेखांच्या वापरात आहे. लेखाची भाषा तीच राज्याची सीमा, असे मानून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या वादात दोन्ही बाजूंनी कोरीव लेख खरेदीखतासारखे पुढे केले. हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० चा लेख मराठी आहे. पण तो कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील, आणि त्यांचे बहुसंख्य लेख कन्नड. पंढरपुरात होयसळ सोमेश्वराचा १२३७ चा लेख आणि त्यानंतर चाळीस वर्षांच्या आत कोरलेला यादवकालीन ‘चौऱ्यांशीचा लेख’ एकाच विठ्ठलमंदिराचे आहेत. दाते, देवस्थान आणि कोरक्याची सवय यांचा विचार न करता अशा लेखांवरून सीमा ठरविणे म्हणजे भाषाशास्त्राकडून त्याला न झेपणारे काम करून घेणे होय.

त्याला झेपणारे काम वेगळे आहे, आणि ते जवळ आहे. उमरगा व तुळजापूर तालुक्यांतील शिवारांची, ओढ्यांची व धुऱ्यांची नावे गावोगाव टिपून ती जुन्या महसुली कागदांशी ताडून पाहावीत. त्यांत कन्नड नावे कोठवर येतात आणि कोठे मराठी प्रत्यय घेऊ लागतात, हे आपल्या विद्यार्थ्यांस एका उन्हाळ्यातही पाहता येईल.