उसना शब्द आणि त्याचे सामान्यरूप : पेण-रोहा परिसराच्या निमित्ताने

मराठीत शिरलेल्या इंग्रजी शब्दांविषयी आजवर जी चर्चा झाली, तिचा पुष्कळसा भाग शब्दांच्या मोजदादीतच खर्ची पडला आहे. शब्द फार झाले, भाषा विटाळली, असे एक पक्ष म्हणतो. शब्द आले, भाषा संपन्न झाली, असे दुसरा पक्ष सांगतो. शिक्षणक्षेत्रात अलीकडे एक तिसरा पक्षही बळावला आहे. मुलाच्या बोलण्यात इंग्रजी शब्द जितके अधिक तितके त्याचे इंग्रजीचे भांडवल अधिक, अशी त्याची समजूत आहे. हे तिन्ही पक्ष परस्परांशी भांडत असले तरी त्यांचे एक गृहीत समान आहे. मराठी वाक्यात वावरणारा इंग्रजी शब्द हा इंग्रजीच असतो, असे तिघेही धरून चालतात. हे गृहीत कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ह्या दोन गावांच्या परिसरात सहज कानांवर पडणारे काही प्रयोग आधाराला घेतले आहेत.

ही दोन गावे निवडण्यास कारण आहे. पेण आणि त्या तालुक्यातील हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. रोह्यालगत धाटाव येथे रासायनिक कारखान्यांचे औद्योगिक क्षेत्र आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ सालची. धाटावची वसाहत त्यानंतरची. एका ठिकाणी जुना हस्तव्यवसाय नव्या बाजारपेठेला जोडला गेला, तर दुसऱ्या ठिकाणी भातशेतीच्या शेजारी नवा उद्योग येऊन बसला. म्हणून शब्दांची देवघेव कशी होते हे पाहण्यास दोन्ही गावे सोयीची आहेत.

प्रथम एक साधा प्रयोग घेऊ. पेणमध्ये जेथे गणपती घडतात त्या जागेस 'कारखाना' म्हणतात आणि मालकास 'कारखानदार'. धाटावला जेथे रसायने तयार होतात त्या जागेस मात्र बोलताना 'कंपनी' म्हणतात. 'बाबा कंपनीत गेले' ह्या वाक्यात भागधारकांच्या संस्थेचा उल्लेख नसतो. फाटक, धुराडे आणि पाळ्या असलेल्या एका जागेचा असतो. 'कारखाना' शब्द फार्सीतून आला, 'कंपनी' इंग्रजीतून. दोघेही परके, परंतु मराठीने त्यांत काम वाटून दिले आहे. ही वाटणी फार्सीत नाही आणि इंग्रजीतही नाही. 'कंपनी', 'कंपनीत', 'कंपन्या' ही रूपे 'नदी', 'नदीत', 'नद्या' ह्यांच्या वळणाने सिद्ध झाली आहेत. अर्थ मराठीने ठरविला, लिंग मराठीने दिले, रूपेही मराठीने चालविली. मग ह्या शब्दात इंग्रजी ते काय उरले? त्याची वंशावळ तेवढी उरली.

आमच्या शालेय व्याकरणात मात्र वंशावळीलाच महत्त्व आहे. तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय अशी वर्गवारी करून शेवटच्या रकान्यात 'अर्ज', 'कागद', 'पगार', 'टेबल' असे शब्द ओळीने मांडले जातात. फार्सी कोणता, पोर्तुगीज कोणता, इंग्रजी कोणता, एवढे विद्यार्थ्यास पाठ होते. तो शब्द आज मराठीत कसा वागतो, हा प्रश्न विचारलाच जात नाही. ह्या वर्गवारीस ऐतिहासिक मूल्य आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि वर्तमान भाषेच्या वर्णनात तिचा उपयोग मर्यादित आहे.

भाषाशुद्धीच्या चळवळीचाही हाच दोष होता. शिवकाळात 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला तेव्हा राज्यकारभाराची भाषा बदलण्याचा हेतू त्यामागे होता आणि तो हेतू समजण्यासारखा आहे. सावरकरांनी पुरस्कारलेले 'महापौर', 'दिनांक' असे शब्द रूढ झाले, हे त्या चळवळीचे श्रेयही नाकारता येत नाही. माधव जूलियन यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. परक्या शब्दांची इतकी बारकाईने दखल घेणारा अभ्यासकच शुद्धीचा पुरस्कर्ता व्हावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. परंतु ह्या साऱ्या विचारात एकक म्हणून सुटा शब्दच धरला गेला. शब्द काढावा की ठेवावा, एवढाच वाद झाला. शब्द वाक्यात कसा बसतो, ह्याकडे त्या मानाने थोडेच लक्ष गेले. आयनर हाउगेन यांनी १९५० साली अमेरिकेतील नॉर्वेजियन भाषेच्या आधारे उसनवारीची मीमांसा केली, तीत आयात आणि प्रतिस्थापन असा भेद केला आहे. परभाषेतून काय आणले आणि त्याच्या जागी स्वभाषेतले काय घातले, हे वेगवेगळे पाहावे लागते, हा त्याचा इत्यर्थ. मराठीच्या बाबतीत हे पाहण्याचे सर्वांत सोपे स्थान म्हणजे सामान्यरूप होय.

'घर' शब्दास प्रत्यय लागताना त्याचे 'घरा-' होते: घरात, घरावर, घरामध्ये. 'घरमध्ये' असे कोणी म्हणत नाही. आता इंग्रजीतून आलेले शब्द पाहा. कोर्टात, पोस्टात, टेबलावर, बँकेत, बॅगेत, फायलीत, पेन्सिलीने ही रूपे निःशंकपणे चालतात. 'कोर्ट' हे 'घर'सारखे चालते, 'बँक' ही 'वीट'सारखी चालते. उलट मॉलमध्ये, रिॲक्टरमध्ये, प्रोजेक्टमध्ये, मोबाइलवर ह्या प्रयोगांत मूळ शब्द अविकृत राहतो. 'मॉलामध्ये' कानांस खटकते. 'कोर्टामध्ये' खटकत नाही. 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय दोन्हीकडे मराठीच आहे. भेद आहे तो त्याच्या आधीच्या नामात.

शब्द जोडाक्षरान्त असल्यामुळे असे होत असेल, ही शंका टिकत नाही; कारण कोर्ट, पोस्ट, बँक हेही जोडाक्षरान्तच आहेत. शब्द नवा असल्यामुळे असे होते, हे उत्तर बरेचसे खरे आहे, पण पुरेसे नाही. पेणच्या कारखान्यात 'ऑर्डरी घेतल्या', 'ऑर्डरीप्रमाणे रंग दिला' असे बोलले जाते. रोह्यात मात्र 'फर्स्ट शिफ्टला आहे' असे म्हणतात, 'शिफ्टेला' वा 'शिफ्टीला' नव्हे. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही रोजच्या तोंडचे. मग भेद कशामुळे पडला?

ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या दोन गावांच्या नावांतच सापडते. रोहा : रोह्याला, रोह्यात, रोह्याहून. पेण : पेणला, पेणमध्ये, पेणहून. एक नाव विकार पावते, दुसरे पावत नाही. आणि दोन्ही नावे मराठीच. म्हणजे अविकृत राहणे हे परकेपणाचे लक्षण नव्हे. व्यंजनान्त विशेषनामे मराठीत सहसा अविकृतच राहतात; 'नाशकात' हे रूप ऐकू येत असले तरी 'नाशिकमध्ये' हे अधिक रूढ आहे. विशेषनामाचे काम निर्देश करण्याचे. ते बदलले तर ओळख पुसट होते, म्हणून भाषा त्यास हात लावीत नाही. 'मॉल', 'रिॲक्टर', 'प्रोजेक्ट' ह्यांस मराठी ह्याच रीतीने वागविते. तिने त्यांस सामान्यनामाच्या पंक्तीत अद्याप बसविलेले नाही. एखाद्या गावाच्या नावासारखे, पाटीसारखे वापरले आहे. 'फर्स्ट शिफ्ट' हे तर वेळापत्रकावरील एका खान्याचे नावच आहे. 'ऑर्डर' मात्र हाताळली जाते, मोजली जाते, राहून जाते, पुरी होते. म्हणून तिची 'ऑर्डरी' झाली. उसना शब्द जेव्हा पाटी राहत नाही आणि वस्तू होतो, तेव्हा तो मराठी होतो, असे आम्हांस वाटते.

क्रियापदांकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिक गंभीर होतो. फार्सी-अरबीतून आलेल्या शब्दांपासून मराठीने बदलणे, खर्चणे, फर्मावणे, नवाजणे अशी क्रियापदे घडविली. 'माफ करणे', 'मंजूर करणे' अशी जोडक्रियापदेही त्याच काळातील आहेत. म्हणजे 'करणे'चा आधार घेण्याची सवय इंग्रजीने लावली, असे म्हणता येणार नाही. परंतु फार्सीच्या बाबतीत मराठीस दोन वाटा मोकळ्या होत्या. इंग्रजीच्या बाबतीत एकच उरली. चेक करणे, लोड करणे, सबमिट करणे अशी रांग वाढते आहे. इंग्रजी धातूस मराठी प्रत्यय लागून शिष्ट भाषेत रूढ झालेले क्रियापद शोधूनही क्वचितच सापडावे.

ह्यास उलट पुरावा रोह्याच्याच नदीकाठी आहे. कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तिच्या मुखाच्या दक्षिणेस कोर्लई आहे. चौल-कोर्लईवरील पोर्तुगीज सत्ता १७४० साली संपली, परंतु तेथील ख्रिस्ती वस्तीची पोर्तुगीजोद्भव संमिश्र बोली आजही जिवंत आहे. तिचे भाषक हजाराच्या आसपास असतील. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी १९९६ साली ह्या बोलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. चोहीकडे मराठी असल्यामुळे ह्या बोलीने मराठी धातू पुष्कळ घेतले. पण ते घेताना मूळच्या तीन क्रियापदवर्गांशेजारी तिने उकारान्त असा चौथा वर्ग उभा केला आणि मराठी धातूंस त्यात जागा दिली. मूठभर लोकांची ही बोली उसन्या धातूसाठी स्वतःच्या व्याकरणात घर बांधते; कोट्यवधींची मराठी मात्र उसन्या धातूस 'करणे'च्या ओसरीवर बसविते. भाषकांची संख्या आणि भाषेचे पचनसामर्थ्य ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, एवढा धडा ह्यावरून घेण्यास हरकत नाही.

आता मूळ प्रश्नाची दुसरी बाजू, म्हणजे इंग्रजीचे अध्यापन. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. ह्या निर्णयाच्या समर्थनार्थ 'मुलाच्या तोंडी इंग्रजी शब्द असतातच' हे कारण वारंवार दिले जाते. परंतु वर जे पाहिले ते खरे असेल, तर मुलाच्या तोंडी असतो तो मराठी शब्द. 'लाइट गेली' ह्या वाक्यातील 'लाइट' स्त्रीलिंगी आहे आणि तिचा अर्थ वीजपुरवठा असा आहे. हेच वाक्य मुलाने शब्दशः इंग्रजीत नेले म्हणजे शिक्षक चूक दाखवितात आणि मुलगा गोंधळतो. कारण शब्द तर इंग्रजीच आहे असे त्यास आपणच सांगितलेले असते. 'कंपनी'चेही तेच. उच्चाराची स्थिती निराळी नाही. अशोक रा. केळकर यांनी १९५७ साली 'वर्ड' ह्या नियतकालिकात 'मराठी इंग्लिश' ह्या विषयावर निबंध लिहून, मराठी भाषकाच्या इंग्रजीतील स्वराघातादी विशेष मराठीच्या ध्वनिव्यवस्थेच्या संदर्भात तपासण्याची दिशा दाखविली. 'टेबल'मधील 'ट' मूर्धन्य आहे, तो 'टोपी'तला आहे. तो मराठीत अचूकच आहे. इंग्रजीच्या तासाला तोच उच्चार पुरेसा धरला, तर शिकण्याजोगे काही आहे हेच मुलास कळत नाही.

म्हणून रूढ शब्द हे इंग्रजीचे भांडवल मानणे धोक्याचे आहे. त्यांच्याबाबत शिक्षकाने मराठी व इंग्रजी ही दोन रूपे शेजारी ठेवून भेद दाखवावा. एकास चूक व दुसऱ्यास बरोबर म्हणू नये. आणि जे शब्द अद्याप पाटीच्या अवस्थेत आहेत त्यांविषयी अधिक सावध राहावे. पहिलीच्या वर्गात पशू, फळे, रंग ह्यांच्या इंग्रजी नावांची यादी पाठ होते. वाक्य मात्र येत नाही. अशी नावे मराठीत मिसळतात तीही यादीतली नावे म्हणूनच. मूल त्यांस मराठीत चालवीत नाही आणि इंग्रजीतही चालवू शकत नाही. दोन भाषांच्या मधल्या बांधावर साचलेला हा शब्दसंग्रह पाहून पालक संतुष्ट होतात. ज्या मुलाचे पुढचे शिक्षण आणि नोकरी इंग्रजीवर ठरणार आहे, त्याची ही फसवणूक होय. आणि ती शहरातील मुलापेक्षा धाटावच्या कामगाराच्या मुलास अधिक महाग पडते, कारण घरी ती भरून काढणारे कोणी नसते.

येथे एक आक्षेप संभवतो. सामान्यरूप ही एकच कसोटी पुरेशी आहे काय? नाही. 'बस' शब्द किती जुना आणि किती रुळलेला, तरी 'बसमध्ये' असेच म्हणतात आणि छापताना अनेकवचन 'बसेस' असे इंग्रजी थाटाचे करतात. 'मोटार' मात्र 'मोटारीत', 'मोटारी' अशी सहज चालते. अशी अपवादस्थळे आणखी मिळतील आणि ती गोळा झाली पाहिजेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हे काम आपापल्या तालुक्यात करता येईल : शब्द कोणत्या वयाच्या, कोणत्या व्यवसायातील माणसाच्या तोंडी विकृत होतो आणि कोणाच्या तोंडी अविकृत राहतो, एवढे नोंदवावयाचे. कोशांनीही केवळ मूळ भाषा न देता लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप दिले पाहिजे.

सारांश, मराठीचे भवितव्य तिच्यात किती इंग्रजी शब्द आहेत ह्यावर अवलंबून नाही. आलेल्या शब्दास आपल्या रूपव्यवस्थेत ओढून घेण्याची तिची शक्ती टिकली आहे की नाही, हे पाहावयास हवे. पेणच्या कारागिराने 'रबर'चा 'रबरी साचा' केला, 'ऑर्डर'च्या 'ऑर्डरी' केल्या. तोपर्यंत चिंतेचे कारण नाही. ज्या दिवशी मराठी मुलाच्या तोंडून 'मॉलमध्ये'च्या वळणाने 'घरमध्ये' असे रूप सहज बाहेर पडू लागेल, त्या दिवशी मात्र एकही परका शब्द न घेता भाषा आतून बदललेली असेल.