'शून्य निकाल' म्हणजे नक्की काय? आयरिश लग्ननोंदींच्या सर्च बॉक्सची चिकित्सा

मंडळी, संशोधनाचा विषय ठरवताना आपण सगळेच एक गोष्ट करतो. डेटाबेसमध्ये दोन-चार शब्द टाकतो, खाली 'शून्य निकाल' येतो आणि प्रस्तावात वाक्य ठोकून देतो: 'या विषयावर आजवर काम झालेलं नाही.' त्या शून्याचा अर्थ नेमका काय असतो, हे आज आपल्या प्रयोगशाळेपासून लांबच्या एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण आहे आयर्लंडमधल्या पूर्वजांच्या लग्नाची नोंद शोधण्याचं.

हेच उदाहरण का? कारण इथली चूक कुणाच्या तरी घरात जाऊन बसते. अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आयरिश वंशाची असंख्य कुटुंबं हा शोध घेतात. नोंद मिळाली नाही की काही जण 'पणजोबा-पणजीचं लग्न झालंच नसावं' असं मानून मोकळे होतात. काही जण त्याच नावाचं दुसरं जोडपं उचलतात. मग तिथून वरची प्रत्येक पिढी भलत्याच घरची असते.

आता साधन बघू. आयरिश सरकारची 'आयरिश जिनिऑलॉजी' ही वेबसाइट मोफत आहे. ७५ वर्षांहून जुन्या सरकारी विवाहनोंदी तिथे नावाने शोधता येतात, मूळ पानाचा स्कॅनही बघता येतो. वधू-वरांची नावं, राहण्याचं ठिकाण, व्यवसाय, दोघांच्या वडिलांची नावं, साक्षीदार, सगळं एका ओळीत समोर येतं. हे काम उत्तम आहे, त्यात वाद नाही. माझा आक्षेप आहे तो नोंद न सापडल्यावर सर्च बॉक्स जे सांगतो त्यावर. वेगवेगळ्या कारणांनी आलेली शून्यं तो एकाच चेहऱ्याने दाखवतो.

समजा, तुम्ही मेयो काउंटीतलं १८५५ सालचं एक कॅथलिक लग्न शोधताय. सरकारी नोंदींत शून्य. येणारच! आयर्लंडमध्ये कॅथलिकेतर लग्नांची सरकारी नोंदणी १ एप्रिल १८४५ पासून सुरू झाली, पण कॅथलिक लग्नांची १ जानेवारी १८६४ पासून. म्हणजे ही नोंद चर्चच्या वहीतच असणार. त्याच वेबसाइटवर चर्चच्या नोंदींचाही विभाग आहे, तिथे शोधलंत तर पुन्हा शून्य. कारण त्या विभागात मुख्यतः डब्लिन, केरी, कार्लो आणि कॉर्कचा काही भाग एवढंच आहे, मेयो नाहीच. ही व्याप्ती साइटवर लिहिलेली आहे, पण वेगळ्या पानावर. दोन्ही शून्यं साइटबद्दल सांगतात, जोडप्याबद्दल काहीच नाही. सायन्सवाल्यांच्या भाषेत, हे उपकरणाच्या डिटेक्शन लिमिटखालचं रीडिंग आहे. ते 'पदार्थ नाही' असं लिहून चालत नाही.

दुसऱ्या प्रकारचं शून्य जळून गेलेल्या कागदांचं. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी अभिलेखागार उद्ध्वस्त झालं. चर्च ऑफ आयर्लंडच्या नोंदवह्यांचा मोठा हिस्सा त्यात गेला. विवाह-परवान्यांची मूळ बंधपत्रं गेली, मात्र त्यांच्या काही सूची वाचल्या. म्हणून कधी कधी नाव मिळतं, कागद मिळत नाही. कॅथलिक वह्या तिथे ठेवलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या वाचल्या. पण पश्चिमेकडच्या अनेक पॅरिशमध्ये त्या सुरूच उशिरा होतात.

तिसरं शून्य सगळ्यात फसवं, कारण इथे नोंद असते. फक्त ती तुम्ही विचारलेल्या नावाने किंवा गावाने नसते. कॅथलिक वह्यांत विल्यमचा 'गुलिएल्मुस' आणि जेम्सचा 'जाकोबुस' झालेला असतो, कारण बऱ्याच वह्या लॅटिनमध्ये आहेत. ओ'सलिव्हनचा नुसता सलिव्हन होतो, मॅकगोवनचा स्मिथ होतो, ब्रिजेटची डेलिया होते. लग्न बहुधा नवरीच्या पॅरिशमध्ये लागायचं, आणि आपण शोधत बसतो नवऱ्याच्या. आणि नवरा सैन्यात असेल तर? कंपनीच्या मुंबई सैन्यातल्या युरोपियन पलटणींत आयरिश शिपाई भरपूर होते. त्यातलीच एक पलटण १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्समध्ये सामील झाली. अशा शिपायाचं लग्न खडकीत लागलं असेल तर नोंद आयर्लंडमध्ये कशी सापडेल? ती ब्रिटिश लायब्ररीत, मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींच्या 'एन/३' मालिकेत बघावी लागते.

याउलट, नोंद किंवा विधी असूनही लग्न नाही असंही घडायचं. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांचं लग्न कॅथलिक धर्मगुरूने लावलं तर आयर्लंडमध्ये १८७० पर्यंत ते कायद्याने रद्दबातल होतं. थेरेसा लाँगवर्थ आणि मेजर यल्व्हर्टन यांचं लग्न १८५७ मध्ये असंच लागलं. पुढे मेजरने ते नाकारलं. १८६१ मध्ये डब्लिनच्या ज्यूरीने थेरेसाच्या बाजूने कौल दिला, पण अखेर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये ती हरली. तात्पर्य, घटना आणि घटनेची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

आता तुलनेसाठी नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडची साइट घ्या. जुलै २०१५ मध्ये त्यांनी कॅथलिक पॅरिशच्या वह्यांची सुमारे ३,७०,००० छायाचित्रं मोफत खुली केली. तिथे नावाने शोधायची सोयच नाही. आधी पॅरिश निवडायची, मग पान-पान वाचायचं. पहिल्यांदा वैताग येतो. पण प्रत्येक पॅरिशसमोर कोणत्या काळाच्या वह्या उपलब्ध आहेत ते लिहिलेलं असतं. त्यामुळे काही नाही मिळालं तरी तुम्ही म्हणू शकता, 'या पॅरिशमधली या साल ते त्या सालची सगळी लग्नं वाचली, हे जोडपं त्यात नाही.' हा खरा नकारात्मक निष्कर्ष, कारण दुसरा माणूस तो तपासू शकतो.

अर्थात पॅरिशच माहीत नसेल तर ही साइट हात टेकायला लावते. याच वह्यांच्या नावांच्या सूची २०१६ मध्ये अँसेस्ट्री आणि फाइंडमायपास्टवर आल्या, त्या तेव्हा कामी येतात. सूची सुगावा देते. पुरावा मूळ पानावर शोधावा.

सुगावे आणखीही आहेत. १९११ च्या जनगणनेत विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं होतं, त्यावरून लग्नाचं साल अंदाजे काढता येतं. मुलांच्या कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुधा आईचं माहेरचं नाव असतं. लेंटच्या उपवासकाळात लग्नं टाळायचे, म्हणून गावाकडे त्याच्या आधीच्या दिवसांत लग्नांची गर्दी दिसते. वाचायला तिथून सुरुवात करा. मात्र १९११ मधल्या वयांवर डोळे झाकून विश्वास नको. जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली आणि दहा वर्षांत बरेच जण दहाहून जास्त वर्षांनी म्हातारे झाले!

सर्च बॉक्सकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. शून्याच्या शेजारीच त्याने लिहावं: या काउंटीच्या, या काळातल्या कोणत्या वह्या आमच्याकडे आहेत आणि कोणत्या नाहीत. हे अशक्य नाही. हर्बर्ट वुड यांनी अभिलेखागाराची मार्गदर्शिका १९१९ मध्ये, म्हणजे आगीच्या तीनच वर्षं आधी छापली होती. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या 'व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी'च्या कामाला तिचाच आधार मिळाला. काय हरवलं याची यादी असली की मगच ते कुठे शोधायचं हे कळतं.

आता तुमचा लिटरेचर रिव्ह्यू उघडा. 'काम झालेलं नाही' असं जिथे लिहिलं असेल तिथे चार गोष्टी जोडा: कोणता डेटाबेस, कोणते शब्द आणि त्यांची कोणती पर्यायी रूपं, कोणती वर्षं, आणि त्या डेटाबेसमध्ये मुळातच काय येत नाही. मराठीतले प्रबंध, जुनी नियतकालिकं, विद्यापीठांचे अहवाल त्यात आहेत का? नसतील तर तुमचं वाक्य असं होईल: 'या डेटाबेसमध्ये, या शब्दांनी, काही मिळालं नाही.' वाक्य लांबतं, रुबाबही कमी होतो. पण व्हायव्हाला बसल्यावर ते तुम्हाला सिद्ध करता येतं.