बापूंच्या तीन अटी

दिवाळीला घरात नवी वस्तू यावी, अशी आपली जुनी हौस. हल्ली ती वस्तू पुष्कळ घरी व्हिडिओ कॅमेरा असते. हौशी मंडळींना घरचे, गावचे चित्रपट काढायचे असतात. आणि दुकानात शिरताच पहिला प्रश्न येतो तो चित्र किती 'के'चे, हा! या मंडळींना आधी सेवाग्रामला धाडावे, निदान कनु गांधींची छायाचित्रे तरी त्यांच्यापुढे ठेवावीत, असे मला वाटते. ती चित्रे हलत नाहीत, हे कबूल. पण यंत्र निवडण्याचा त्याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

नारणदास गांधींचे हे चिरंजीव बापूंच्या कचेरीत काम करीत. छायाचित्रे काढू का, असे त्यांनी विचारले तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, 'असे बसा, तसे पहा' म्हणायचे नाही, आणि आश्रम या कामी पैसा देणार नाही. पैशाची अडचण घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये देऊन दूर केली, आणि रोलायफ्लेक्स आला. ही हकीकत साधेपणाची गोष्ट म्हणून सांगण्याचा प्रघात आहे. मला तो पटत नाही. रोलायफ्लेक्स हा जर्मन बनावटीचा नामांकित कॅमेरा, कोणा गरिबाचे खेळणे नव्हे. एका रोळात बारा चित्रे. म्हणजे उधळपट्टीला वाव नाही. आणि खुबी अशी, की तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरून वरून काचेत पाहायचे. चित्र घेणाऱ्याचा चेहरा झाकला जात नाही, आणि उभ्याने घेतले तरी चित्राची नजर कमरेच्या उंचीवर येते. भुईवर बैठक मांडणाऱ्या माणसासाठी याहून सोयीचे यंत्र कोणते?

कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची बापू शुश्रूषा करीत आहेत, ते सेवाग्रामचे १९४० सालचे चित्र पाहा. बापू कामात गढले आहेत. कोणी आपले चित्र घेत आहे याची खूणही त्यांच्या चर्येवर नाही. याउलट १९४६ साली पुण्यास मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाई आल्या. त्यांना फ्लॅशचे मोजून तीन दिवे मिळाले. पुढे चरखा, मागे वाचीत बसलेले बापू, असे त्यांचे चित्र जगभर गाजले. ते थोर आहेच. पण त्यात मला मांडणी दिसते, आणि पाहुणी दिसते.

म्हणून कनु गांधींचे सारेच गोड मानावे असे नाही. मातीच्या कुटीतला अंधुक उजेड आणि त्या काळची मंद फिल्म यांमुळे त्यांची काही चित्रे दाणेदार, काही पुसट झाली आहेत. त्या पुसटपणालाच सौंदर्य म्हणणारे रसिक आहेत. मी त्यांतला नाही. हात हलला तर हलला म्हणावे! अटींपैकी पहिली त्यांना महाग पडली, दुसरीने मात्र त्यांना तारले.

आजच्या हौशी माणसाला पहिलीची झळ कमी लागते, कारण थोड्या प्रकाशात चांगले टिपणारे कॅमेरे आता मिळतात. पैसा खर्चायचा तो तिथे, आणि आवाजावर. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय नसेल तर तो कॅमेरा परत ठेवा. आजीच्या तोंडची ओवी पंख्याच्या घरघरीत बुडाली तर कितीही 'के' काय कामाचे? आपली वीज पन्नास आवर्तनांची. तेव्हा सेकंदाला पंचवीस चित्रे आणि शटर पन्नासाव्या भागाचे ठेवता येते का, हे पाहावे. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. वर्ध्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि लांबलचक चित्रण करताना पुष्कळ कॅमेरे तापून बंद पडतात, तेही दुकानदाराला विचारावे.

शेवटची परीक्षा घरी. तिन्हीसांजेला ओसरीवर आजी वाती वळीत बसली असेल. कॅमेरा काढा. तिने पदर सारखा केला, "थांब रे, लुगडं बदलून येते" म्हणाली, तर यंत्र बहुधा फार मोठे आहे. ती वाती वळीतच राहिली आणि तुम्हालाच "कापूस दे इकडे" म्हणाली, तर पावती जपून ठेवा.