‘कोसला’तील परतीची वाट आणि ग्रामीण वाचक

जीवनमार्गाचा शोध हा कादंबरीचा फार जुना विषय होय. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’मध्ये (१७९५-९६) व्यापाऱ्याचा मुलगा नाटकाच्या ओढीने घर सोडतो, चुकतो, शिकतो आणि अखेरीस समाजातील आपल्या स्थानापर्यंत येऊन पोहोचतो. मराठीत वामन मल्हार जोशी यांनी ‘सुशीलेचा देव’ (१९३०) ह्या कादंबरीत नायिकेच्या देवविषयक कल्पनेचा क्रमविकास दाखविला आणि त्यातूनच तिच्या जीवनाला दिशा दिली. अशा कृतींचा वाचक पुस्तक मिटताना काहीतरी निश्चित असे हाती घेऊन उठतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) ही अपेक्षा मोडली. म्हणूनच ह्या कादंबरीच्या बाबतीत वाचकाचा प्रतिसाद हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो.

कथानक परिचित आहे. खानदेशातील सांगवी गावच्या सधन शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग शिक्षणासाठी पुण्यास येतो. वसतिगृह, मेस, नाटके, मित्रमंडळी यांत तो आरंभी उत्साहाने वावरतो. पुढे त्याचा त्या सर्वांवरचा विश्वास उडतो. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने मरते. शेवटी पदवीवाचून तो गावी परततो. ह्या परतीचे दोन अर्थ समीक्षेत रूढ झाले. एका मते ती पराभूत, परात्म झालेल्या तरुणाची माघार होय आणि ह्या मताचे समीक्षक सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’शी (१९५१) तिची तुलना करतात. दुसऱ्या मते, विशेषतः लेखकाच्या देशीवादी विचारांच्या प्रकाशात पाहता, ती मुळांकडे नेणारी वाट होय. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. पुणे आणि सांगवी ही दोन दूरची टोके मानल्यावाचून त्यांतील कोणतेही मत उभे राहत नाही.

ही टोके जेथे दूर नाहीत अशा ठिकाणचा वाचक कल्पून पाहावा. दौंड तालुक्यातील भांडगाव हे पुणे-सोलापूर महामार्गावर यवतच्या पुढे, पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, गुऱ्हाळे, अलीकडचे कारखाने आणि जवळच्या स्थानकांवरून पुण्यास ये-जा करणारी माणसे असा हा परिसर आहे. येथील विद्यार्थी सकाळी पुण्यास जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो. त्याच्या दृष्टीने गावी परतणे ही आयुष्यात एकदा घडणारी घटना राहत नाही, तो त्याचा रोजचा क्रम होतो. साहजिकच पांडुरंगाच्या परतीत त्याला पराभवाचे काव्यही दिसत नाही आणि मुळांचे माहात्म्यही दिसत नाही. त्याला प्रथम दिसतो तो हिशेब. पुण्यातील खर्च कोणी केला, मेसच्या कारभारात अंगावर आलेला भार अखेर कोणावर पडला आणि परत आल्यावर बसून राहण्याइतकी जमीन कोणाची, हे प्रश्न त्याला टाळता येत नाहीत.

ह्या वाचकाचा आक्षेप असा मांडता येईल : ‘मी काय करावे’ हा प्रश्न इतका काळ अनिर्णित ठेवण्याची सवड पांडुरंगाला वडिलांच्या शेतीने दिली. ज्याच्या घरी दोन एकर ऊस आणि सोसायटीचे कर्ज आहे, त्याला ती मिळत नाही. हा आक्षेप वाङ्मयबाह्य म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. तो कादंबरीतूनच उद्भवतो. वडिलांशी असलेला पांडुरंगाचा झगडा बव्हंशी पैशाच्या भाषेत चालतो आणि आपण त्यांच्याच पैशावर त्यांच्याविरुद्ध उभे आहोत ही जाणीव निवेदकाला सुटू देत नाही. त्याच्या विनोदाला जी बोच आहे, तिचे एक मूळ येथे आहे.

परंतु हिशेबाची ही भाषा मनीच्या मृत्यूपाशी थांबते. तेथे सवड नाही, पैसा नाही, निवडही नाही. घरच्या जमिनीने पांडुरंगाला जे जे दिले, त्यातील काहीही ह्या मृत्यूच्या उपयोगी पडत नाही. भांडगावचा वाचक आणि सांगवीचा नायक ह्या ठिकाणी एका पातळीवर येतात. पुढे पांडुरंगाला परीक्षा, नोकरी, प्रतिष्ठा यांत अर्थ दिसेनासा होतो, त्याचे कारण केवळ आळसात वा सुखवस्तूपणात शोधणे ह्या प्रसंगानंतर शक्य राहत नाही. आक्षेप खोटा ठरत नाही, पण अपुरा ठरतो.

ह्या संदर्भात निवेदनात वारंवार येणाऱ्या ‘उदाहरणार्थ’ ह्या शब्दाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. सामान्यतः तो तुच्छतेचा वा विडंबनाचा खुणेचा शब्द समजला जातो. परंतु त्याचा सरळ अर्थही येथे महत्त्वाचा आहे. पूर्वीच्या कादंबरीने नायकाचे जीवन आदर्श म्हणून पुढे ठेवले. पांडुरंग आपले जीवन उदाहरण म्हणून ठेवतो. आदर्शाचे अनुकरण करावयाचे असते, उदाहरण मात्र सोडवावयाचे असते. शाळेतील गणितात हा शब्द ज्या अर्थाने येतो, त्याच अर्थाने तो येथे घेता येईल. मात्र ह्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरे दिलेली नाहीत.

‘कोसला’ हे नावही ह्याच अनिश्चिततेशी जुळते. कोशातील जीव बाहेर येतो की आतच संपतो, हे शीर्षक सांगत नाही. तेव्हा ह्या कादंबरीने मार्ग दाखविला नाही ही तक्रार, आणि परतीची वाट हाच तिने दाखविलेला मार्ग होय हा सिद्धान्त, दोन्ही सारखेच घाईचे आहेत. आपल्या घरची जमीन, आपले कर्ज आणि आपले मृत घेऊन जो वाचक हे उदाहरण पुन्हा मांडतो, त्याचे उत्तर पांडुरंगाच्या उत्तराहून निराळे येईल. तसे ते यावे एवढी मोकळीक कादंबरीने ठेवली आहे. तिच्या प्रामाणिकपणाची ही खरी खूण म्हणावी लागेल.