टाळ्या आणि न्याय

शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' या १५९९ च्या सुमारास लिहिलेल्या नाटकातील रोमच्या चौकातली दोन भाषणे वक्तृत्वाचा आदर्श म्हणून वाचली जातात. माझ्या मते ती श्रोत्यांची परीक्षा होय. ब्रूटस गद्यात, मोजूनमापून कारणे देतो. जमावाला तो आवडतो. पण एकाधिकार नको म्हणून सीझरला मारणाऱ्या ब्रूटसलाच सीझर करा, अशी मागणी उठते! टाळ्या पडल्या, अर्थ पोहोचलाच नाही. मग आपण वक्ते नाही असे म्हणत अँटनी पद्यात बोलतो, मृत्युपत्राचा उल्लेख करून ते वाचायचे लांबवतो, रक्ताळलेला झगा दाखवतो. घटकाभरात ब्रूटस देशद्रोही ठरतो.

पुढच्याच प्रवेशात सिन्ना नावाचा कवी जमावाच्या तावडीत सापडतो. कटातला सिन्ना तो मी नव्हे, असे तो परोपरीने सांगतो. ते कळूनही लोक त्याला सोडत नाहीत. नाटकाचा खरा निकाल या छोट्या प्रवेशात आहे.

सभेत अस्खलित बोलणाऱ्याला आपणही चटकन शहाणा मानतो आणि अडखळणाऱ्याला दोषी. सिन्नाचे म्हणणे साधे होते, खरे होते. ऐकणारे मात्र कोणी उरले नव्हते.