झाडणे : एका क्रियापदाची झडती

दिवाळी अंक वाचकाच्या हाती पडतो तेव्हा त्याचे घर नुकतेच झाडून झालेले असते. माळ्यावरची जळमटे निघालेली असतात, डबे घासून पालथे पडलेले असतात, आणि अंक चाळायला म्हणून जी जागा मिळते ती धुतलेल्या सतरंजीच्या एखाद्या कोपऱ्यावर. म्हणून यंदा एखाद्या कादंबरीवर किंवा कवितासंग्रहावर न लिहिता एका क्रियापदावर लिहावे असे मी ठरवले. टीकालेखाचा विषय पुस्तकच असला पाहिजे असा काही दंडक नाही. पुस्तके ज्यांची बनतात ते शब्दही अधूनमधून परीक्षणाला घ्यावेत. आणि ज्याला रोज मुलांच्या वह्यांचा गठ्ठा तपासावा लागतो त्याला तरी तेवढा हक्क असावा.

'झाडणे' हे ते क्रियापद. त्याचा गोतावळा मोठा आहे. अंगण झाडावे, अंथरूण झाडावे, अंगरख्यावरची धूळ झाडावी. तिथून अर्थ उंबरठ्याबाहेर पडतो. साहेब कारकुनाला झाडतो, मांत्रिक भूत झाडतो, शिपाई गोळी झाडतो, बैल लाथ झाडतो, पुढारी भाषण झाडतो, कारभारी हिशेबाचा झाडा देतो, पोलीस झडती घेतात, आणि प्रकरण अंगाशी आले की सगळेच हात झाडून मोकळे होतात. यांपैकी गोळी, लाथ आणि भाषण यांत झटक्याखेरीज फारसे काही नाही. त्यांना इथेच निरोप देतो. उरलेल्यांकडे मात्र थांबून पाहण्यासारखे आहे.

व्याकरण थोडे मदतीला घेऊ. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, तसे झडणे-झाडणे. पान झडते, पीस झडते. ते आपोआप होते. तेच कुणी करवले म्हणजे झाडणे. तेव्हा 'स्वच्छ करणे' हा या धातूचा मूळ अर्थ नव्हेच. जे चिकटले आहे, साचले आहे, ते गळून पडेल असा हिसका देणे हा मूळ अर्थ. स्वच्छता हे त्याचे फळ. 'धुणे' म्हटले की पाणी आले, 'पुसणे' म्हटले की फडके आले, 'सारवणे' म्हटले की शेणाचा काला आला. 'झाडणे' या शब्दाबरोबर येतो तो नुसता हाताचा जोर. माझ्या मते याच जोरामुळे हे क्रियापद घरकामातून सत्तेच्या भाषेत इतक्या सहज शिरले.

आता त्याचे कर्म पाहा. आपण 'अंगण झाडले' असे म्हणतो आणि 'धूळ झाडली' असेही म्हणतो. पहिल्यात कर्म ही जागा आहे. ती झाडल्यावर उजळते आणि आपल्या ठिकाणी राहते. दुसऱ्यात कर्म हा मळ आहे. तो झाडल्यावर तिथे राहत नाही. एकच क्रियापद राखायच्या वस्तूलाही चालते आणि टाकायच्या वस्तूलाही. वाच्यार्थात यामुळे काही घोटाळा होत नाही, कारण अंगण कोणते आणि धूळ कोणती हे डोळ्यांना दिसते. घोटाळा होतो तो कर्माच्या जागी माणूस आला म्हणजे. साहेबाने कारकुनाला झाडले, तेव्हा कारकून हे अंगण आहे की धूळ? त्याच्यातला दोष जावा आणि तो राहावा असे साहेबाच्या मनात आहे, की तोच गेला तर बरे असे आहे? भाषा इथे गप्प बसते. लेखकाने गप्प बसू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गेल्या वर्षी मी सातवीच्या वर्गात 'झाडणे' हा शब्द वेगवेगळ्या अर्थांनी वाक्यांत वापरून आणायला सांगितला होता. वह्यांत अपेक्षेप्रमाणे अंगण आले, वडिलांची बोलणी आली, सिनेमातल्या शिपायाची गोळी आली. एका मुलीने दोन्ही अर्थ एकाच वाक्यात बसवले होते : 'आई रस्ता झाडते आणि मुकादम आईला झाडतो.' व्याकरणदृष्ट्या वाक्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. मी खाली बरोबरची खूण केली आणि पुढची वही उघडली. पण ती काही मला वाचता येईना. या वाक्यात रस्ता आणि आई यांच्यामध्ये फक्त एक 'ला' आहे. सजीव कर्माला प्रत्यय लागतो हा नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या प्रत्ययावर एका बाईची एवढी अब्रू तोललेली असते हे फळ्यावर दिसत नाही. अलंकार, ध्वनी, वक्रोक्ती यांतले एकही नाव त्या मुलीला ठाऊक नाही. तिने घरात पाहिले तेच लिहिले. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ शेजारी ठेवल्यावर काय होते याचे याहून चांगले उदाहरण मला मोठ्या लेखकांत शोधावे लागेल.

या क्रियापदात दुसरीही एक उणीव आहे. झाडले म्हणजे जागा स्वच्छ झाली एवढे ते सांगते. केर कुठे गेला ते सांगत नाही. अंगणातला कोपऱ्यात जातो, कोपऱ्यातला उकिरड्यावर, आणि शहरातला शहराच्या कडेला. मुंबईचा केर १९२७ पासून देवनारला पडत आला. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या ढिगांना आग लागली आणि धूर शहरावर पसरला, तेव्हा आपण झाडलेले कुठे जाते हे अनेकांना प्रथमच कळले. देवनारच्या वस्तीला ते रोजच कळत होते.

ही उणीव भरून काढणारी एक जुनी रचना मराठीत आहे : जनाबाईचा झाडलोटीचा अभंग. जनी ही नामदेवांच्या घरची दासी. झाडणे हा तिच्यापुरता दृष्टान्त नव्हता. तो तिचा दिवस होता. त्या अभंगात ती झाडते आणि देव केर भरतो. एवढ्यावर न थांबता तो पाटी डोक्यावर घेतो आणि केर दूर नेऊन टाकतो. आपले भाविक वाचन इथे भगवंताच्या दयेपाशी घुटमळते. मला त्यातली पाटी महत्त्वाची वाटते. झाडणारीच्या नजरेला केराचा प्रवास अखेरपर्यंत दिसतो, कारण रोज तो तिलाच करावा लागतो. म्हणून देवाला मदतीला बोलावताना ती त्याला कामाचा हाच अर्धा भाग देते. त्या कामाला हलके मानण्याचा तिच्या काळचा रिवाज अभंगाने टाळलेला नाही. पण ते हलके काम ती देवाच्या डोक्यावर ठेवते, आणि तिथे त्या रिवाजाला तडा जातो. केर म्हणजे षड्रिपू, पाटी म्हणजे नामस्मरण असा अर्थ लावून हा अभंग समजावणाऱ्यांनी तो निम्मा झाडून टाकला, असे मी म्हणेन.

लक्ष्यार्थाकडे धावण्याची ही घाई तुकोबांच्या वाट्यालाही आली आहे. पाणीच निर्मळ नसेल तर साबण काय करील, अशा प्रश्नाने त्यांचा एक अभंग सुरू होतो. तिथे 'जीवन' हा शब्द पाण्याच्या अर्थाने आहे. चित्तशुद्धीची गोष्ट त्यानंतर येते. पुष्कळ लोक हा चरण म्हणताना 'जीवना'च्या जागी 'मन' घालतात. एक शब्द बदलला आणि परटाचा घाट, गढूळ ओढा, हातातला साबण सारे नाहीसे झाले. उरला तो उपदेश. लक्ष्यार्थाला उभे राहायचे तर आधी वाच्यार्थाचे पाय जमिनीवर हवेत, ही गोष्ट तुकोबांना पक्की ठाऊक होती.

जनाबाईनंतर हे क्रियापद दोन्ही अर्थांनी पूर्ण जगलेला माणूस म्हणजे गाडगे महाराज (१८७६-१९५६). अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे आणि हाती खराटा. गावात आले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते लोकांना झाडत : कर्ज काढून केलेल्या सणांवरून, दारूवरून, नवसाच्या बोकडावरून, शिवाशिवीवरून. प्रश्न विचारायचे आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घ्यायचे ही त्यांची रीत. त्यांचे बोलणे लोकांना लागत असे, पण त्यात अपमान वाटत नसे. याचे कारण त्यांच्या वक्तृत्वात शोधण्यापेक्षा दिवसाच्या खराट्यात शोधावे. ज्याने सकाळी आपल्या दारातला केर उचलला तो रात्री आपल्याला झाडतो आहे, तेव्हा तो आपल्याला अंगण समजतो हे श्रोत्याला सांगावे लागत नव्हते. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात कित्येक गावे उजळली, हे मान्य केले पाहिजे. पण अभियानात शिरले ते क्रियापदाचे एक अंग. रात्रीच्या कीर्तनाला बक्षीस ठेवता येत नाही.

माणसाला धूळ मानणारे झाडणेही आपल्याकडे कमी नाही. अंगात आलेल्या बाईचे भूत झाडताना मार बसतो तो बाईलाच. केरसुणी, वेत, चाबूक यांना भूत आणि बाई हा भेद कळत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरवली. एका लाक्षणिक क्रियापदाला वाच्यार्थाने आवर घालण्यासाठी विधिमंडळाला कायदा करावा लागला, असे मी याकडे पाहतो.

कादंबरीकडे वळू. विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' ही धरणग्रस्तांवरची कादंबरी १९९१ ची. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या गुणदोषांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला तिच्या नावावर बोलायचे आहे. झाडाझडती म्हणजे कसून घेतलेली झडती, कपडे झटकून, गाठोडी उलगडून. ती कोण कुणाची घेते हे नाव सांगत नाही, आणि त्यातच त्याचे बळ आहे. धरणासाठी गावे झाडून काढली गेली. पुनर्वसनाच्या कचेऱ्यांत त्याच माणसांची कागदोपत्री झडती झाली. आणि कादंबरी त्या व्यवस्थेकडे झाडा मागते. पाणी साठवायला खोरे मोकळे हवे होते, म्हणजे खोरे हे अंगण ठरले. मग त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसे काय ठरली, हा प्रश्न त्या एका शब्दात आहे. शासकीय सेवेतल्या लेखकाने तो शब्द निवडला, हेही ध्यानात ठेवावे. झाडणाऱ्या हाताच्या जवळ बसून झाडल्या गेलेल्यांची बाजू लिहिणे सोपे नसते.

याच्या उलट टोकाला अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचे 'नरकसफाईची गोष्ट' हे पुस्तक आहे. त्याच्या नावात नरक हे रूपक आणि सफाई हे काम असे वाटते. पुस्तक उघडल्यावर नरकही रूपक राहत नाही. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ मध्ये झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा झाला. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून गेल्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. वर्तमानपत्रात त्याच पानावर 'भ्रष्टाचाराची साफसफाई' असा मथळा असतो. तो लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मथळ्यातल्या साफसफाईत कुणाचे कपडे खराब होत नाहीत, आणि शेजारच्या बातमीतल्या साफसफाईत माणूस परत वर येत नाही. मराठी गद्याने शब्द पहिल्या ठिकाणी वापरताना दुसऱ्या ठिकाणाची आठवण ठेवावी.

लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, तिला पाय लागू देत नाही. काही घरांत त्या मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मी झाडून बाहेर काढतात. केरसुणी लक्ष्मी आहे यावर माझा आक्षेप नाही. पण ती केरसुणी परंपरेने वळली मातंगांनी, आणि गावची चावडी झाडली महारांनी. त्या हातांवर हळदकुंकवाचे बोट कधी पडले नाही. १९५८ च्या कायद्याने तसली कनिष्ठ गाववतने संपली, वतनाच्या नावाने राबवून घेणे कागदोपत्री थांबले. भाषेतली वतने कायद्याने संपत नाहीत, ती लिहिणाऱ्यांनी एकेक करून सोडावी लागतात.

या क्रियापदाचा एक वापर मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. 'गावातली झाडून सारी माणसे जमली' असे आपण म्हणतो. इथे झाडण्याचा अर्थ टाकणे असा नाही. केरसुणी जशी कोपऱ्यातला कणही सोडत नाही, तसे कुणालाही मागे न ठेवता सगळ्यांना गोळा करणे, हा अर्थ आहे. हा प्रयोग कुणा पंडिताने घडवलेला दिसत नाही. रोज कोपरे झाडणाऱ्या कुणाच्या तरी तोंडून तो आला असावा, असे मला आपले वाटते. माझ्या विद्यार्थिनीच्या वहीत तो अजून आलेला नाही. पुढच्या सहामाहीत मी तो तिच्या वर्गाला शिकवणार आहे.