देवनागरी पाठाचे डेटाबेसमधील दोष आणि त्यांची चिकित्सा

वेब ॲप्लिकेशनच्या द्वारे भरलेला मराठी मजकूर डेटाबेसात जाऊन पडद्यावर परत येताना प्रश्नचिन्हांची ओळ होऊन येतो, हा अनुभव ज्यास आलेला नाही असे कार्यालय वा ग्रंथालय आता विरळाच. या दोषावरील उपायही पुष्कळ सांगितले जातात. तथापि ते बहुधा आज्ञांच्या स्वरूपाचे असतात : अमुक ओळ घाला, तमुक टेबलाचे रूपांतर करा. दोष कोणत्या जातीचा आहे, हा प्रश्न त्यांत विचारलाच जात नाही. या प्रचलित उपचारपद्धतीची परीक्षा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. परीक्षेसाठी मायएसक्यूएल हा बहुप्रचलित डेटाबेस घेतला आहे.

महाराष्ट्रास पाठचिकित्सेची परंपरा अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या कार्यामागील पहिला दंडक असा की, उपलब्ध साक्ष तपासल्यावाचून पाठात हात घालू नये. लेखनिकाची चूक कशी झाली हे कळल्यावरच ती दुरुस्त करता येते. डेटाबेसातील मजकूर हाही एक पाठच आहे. तो लेखकाकडून वाचकाकडे जाताना ब्राउझर, ॲप्लिकेशन, ॲप्लिकेशन व डेटाबेस यांना जोडणारा दुवा आणि टेबल अशा चार हातांतून जातो. या चौघांनी अक्षरांचा एकच संकेत मानला नाही, तर पाठभ्रष्टता अटळ ठरते.

संकेताचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तीत देवनागरीस १२८ स्थानांचा एक गट मिळाला व त्याची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावरून घेण्यात आली. ही स्थाने बाइटांत लिहिण्याची यूटीएफ-८ ही रीत केन टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये सिद्ध केली. या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘क’ हे अक्षर ई०, ए४, ९५ असे लिहिले जाते. देवनागरी गटातील प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ई० हाच असतो व दुसरा ए४ किंवा ए५ असतो. ही नियमितता निदानास फार उपयोगी पडते.

पडद्यावर बिघडलेला मजकूर दिसला म्हणजे सर्व बिघाड एकाच नावाने ओळखण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्यात निदान तीन भिन्न व्याधी आहेत. पहिली, रिकाम्या चौकटी. येथे मजकूर शाबूत असून केवळ वाचकाच्या यंत्रावर योग्य फॉन्ट नसतो. डेटाबेसास दोष देण्याचे कारण नाही. दुसरी, आघातचिन्हयुक्त रोमन ‘ए’ व त्यापाठोपाठ चलनाचे किंवा येन या नाण्याचे चिन्ह यांची माळ. ई० व ए४ वा ए५ हे बाइट युरोपीय संकेताने वाचले म्हणजे हीच चिन्हे उमटतात. अर्थात येथे पाठ नष्ट झालेला नसून तो चुकीच्या किल्लीने वाचला जात आहे. तिसरी, प्रश्नचिन्हे. साठवलेले बाइट पाहता तेथे ३एफ, म्हणजे खरोखरीचे प्रश्नचिन्हच आढळले, तर मूळ पाठ त्या टेबलातून कायमचा गेला. तो जुन्या बॅकअपमध्ये शोधावा लागेल. दुसरी व्याधी साध्य आहे, तिसरी असाध्य. आणि दोहोंवर एकच औषध सुचविले जाते, हा प्रचलित पद्धतीवरील पहिला आक्षेप होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० या आवृत्तीपूर्वी मूळची योजना ‘लॅटिन१’ या संकेताची होती व तिच्यासोबत स्वीडिश वर्णक्रम येत असे, कारण या डेटाबेसचा जन्म स्वीडनमधला. अशा टेबलात अनेक ॲप्लिकेशनांनी यूटीएफ-८ मधील मराठी मजकूर भरला. दुवाही लॅटिन१ चा आणि टेबलही लॅटिन१ चे, त्यामुळे बाइट जसेच्या तसे आत गेले व जसेच्या तसे बाहेर आले. पडद्यावर मराठी शुद्ध दिसत राहिली. येथे दोन चुका एकमेकींस झाकीत होत्या. पुढे एखादा दक्ष माणूस दुव्याचा संकेत सुधारतो आणि त्याच दिवशी सर्व मजकूर बिघडलेला दिसू लागतो. दोष मात्र जुना असतो. नव्या माणसाने तो केवळ उघडा पाडलेला असतो.

अशा वेळी टेबलाचे सरळ नव्या संकेतात रूपांतर करावे, असा सल्ला हमखास मिळतो. मजकूर खरोखर लॅटिन१ चा असेल तर तो सल्ला योग्यच आहे. परंतु वर वर्णिलेल्या स्थितीत तो घातक ठरतो. डेटाबेस प्रत्येक बाइटास एक युरोपीय अक्षर समजून त्याचे पुन्हा यूटीएफ-८ करतो आणि ‘क’ चे तीन बाइट सात होतात. योग्य मार्ग असा की, प्रथम त्या स्तंभाचा प्रकार बदलून त्यास निव्वळ बाइटांचा, म्हणजे ‘ब्लॉब’ प्रकारचा करावा व नंतर त्यास ‘यूटीएफ८एमबी४’ हा संकेत द्यावा. म्हणजे बाइट न बदलता त्यांचे नाव तेवढे बदलते. हे करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि ‘हेक्स’ या फंक्शनने काही नोंदींचे बाइट प्रत्यक्ष पाहावेत, हे वेगळे सांगावयास नको.

या गोंधळाचे मूळ पुष्कळ अंशी नामकरणात आहे. मायएसक्यूएलमधील ‘लॅटिन१’ हा त्या नावाचा प्रमाणसंकेत नसून विंडोजचा १२५२ क्रमांकाचा संकेत आहे. त्यातील ‘यूटीएफ८’ या नावाखाली दीर्घकाळ तीन बाइटांपुरताच संकेत दिला जात होता. चार बाइटांची चिन्हे मावणारा ‘यूटीएफ८एमबी४’ हा प्रकार ५.५.३ या आवृत्तीत आला. देवनागरी तीन बाइटांत बसत असल्याने ही उणीव मराठी मजकुरात लपून राहते आणि कोणी भावचित्र लिहिले म्हणजे एकाएकी प्रकट होते. संज्ञा एक व संज्ञी दुसरा, अशा स्थितीत वापरणाऱ्यास दोषी ठरविणे न्याय्य नव्हे.

याहून सूक्ष्म दोष शोधाच्या वेळी आढळतो. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारांनी लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हापुढे हलन्त देऊन, र, नुक्ता व हलन्त अशा क्रमाने, किंवा र, हलन्त व अदृश्य संयोजक अशा क्रमाने. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. युनिकोड पहिल्या दोहोंस समतुल्य मानतो, तिसऱ्यास मानीत नाही. परिणामी बाइटांची तुलना करणारा डेटाबेस नोंद असूनही ती नाही असे सांगतो. याच्या उलट टोकास ८.० आवृत्तीचा मूळचा, आघातचिन्हे न मानणारा वर्णक्रम आहे. युरोपीय भाषांसाठी सोयीचा असलेला हा क्रम नुक्त्यासही गौण समजतो. त्यामुळे ‘दऱ्या’ व ‘दर्या’ त्याच्या लेखी एकच होतात. डोंगरांतील दऱ्या आणि समुद्र यांत भेद न करणारी तुलना मराठीस कशी चालावी? ज्या स्तंभात पुनरुक्तीस मनाई आहे, तेथे या दोहोंपैकी एक शब्द असताना दुसरा नाकारलाही जाईल. आडनावांच्या यादीत हे घडले, तर तो माणूस असूनही नोंदीत सापडणार नाही.

म्हणून केवळ वर्णक्रम बदलून हा प्रश्न सुटत नाही. मजकूर आत येतानाच त्याचे प्रमाणीकरण झाले पाहिजे. युनिकोडच्या एनएफसी या रीतीने पहिले दोन लेखनप्रकार एक होतात. तिसऱ्यासाठी मराठीचा स्वतंत्र नियम ॲप्लिकेशनमध्ये घालावा लागतो. ‘ॲ’ चीही हीच कथा आहे. त्यास २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले, परंतु अ वर चंद्र देऊन केलेले जुने लेखन त्याच्याशी समतुल्य नाही. शिवाय हे स्थान गटाच्या शेवटाकडे असल्याने केवळ स्थानांकाने लावलेल्या यादीत ‘ॲ’ ने आरंभ होणारे शब्द ह च्याही नंतर जातात, आणि ‘ळ’ मात्र वर्णमालेतील आपली जागा सोडून ल च्या शेजारी येऊन बसतो.

अखेरचा मुद्दा लांबीचा. ‘क्षत्रिय’ या शब्दात मराठी वाचक तीन अक्षरे मोजतो; युनिकोडच्या हिशेबाने चिन्हे आठ व यूटीएफ-८ मध्ये बाइट चोवीस. स्तंभाची मर्यादा दहा चिन्हांची ठेवणारा रचनाकार मनात दहा अक्षरे धरीत असेल, तर नाव तुटणार किंवा नाकारले जाणार. ‘अक्षर’ या एकाच शब्दाने तीन भिन्न परिमाणे सुचविली जात असल्याचा हा परिणाम आहे.

तात्पर्य, या दोषांचे कारण देवनागरीची दुर्बोधता नव्हे. संकेत पुरेसा आहे. उणीव आहे ती पाठ हाताळणाऱ्यांतील एकवाक्यतेची व निदानाच्या शिस्तीची. बाइट पाहणे, चार हातांपैकी कोणाचा संकेत वेगळा आहे ते ठरविणे, प्रतीवर उपाय करून पाहणे आणि मगच मूळास हात लावणे, हा क्रम वेळखाऊ वाटेल. परंतु उतावीळ दुरुस्तीने साध्य व्याधीची असाध्य व्याधी होते, आणि त्या प्रश्नचिन्हांखाली कोणाचे तरी नाव कायमचे बुजते. भाषेच्या अभ्यासकानेही हे क्षेत्र केवळ यंत्रज्ञांचे मानून सोडू नये. अर्ध्या र चा भेद कोठे अर्थ बदलतो हे सांगणे त्याचेच काम आहे.